बावट्याच्या टेंबावर एकेकट्यानेच

थांबा मंडळी, असे सगळे मिळून निघू नका. हा बावट्याचा टेंब. टेंब म्हणजे आमच्याकडची टेकडी. दिसायला एवढीशी, पण माथ्यावरून खाडीचं मुख, दोन्ही बाजूंच्या वाळूच्या पुळणी आणि समोरचा सगळा दर्या दिसतो. फोटो हवे तेवढे काढा, कोणी अडवणार नाही. फक्त वर जायचं ते एकेकट्याने. एक खाली आला की दुसऱ्याने चढायचं. हसताय ना? आधी ऐकून घ्या, मग हसा.

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हाही आमची वाडी रापण ओढूनच जगायची. मोठं जाळं होडीतून दर्यात फिरवून टाकायचं आणि पुळणीवरून दोन दोरांनी सगळ्या गावाने ते ओढायचं, ती रापण. मासळीचा थवा किनाऱ्याला लागला की पाण्याचा रंग काळपट होतो. तो खालून कळत नाही, उंचावरूनच कळतो. म्हणून टेंबावर कायम दोघं असायची. एकाने पाण्यावरची नजर हलवायची नाही आणि दुसऱ्याने बावटा हलवायचा. बावटा हलला की गाव हातातलं काम टाकून पुळणीवर धावे, अगदी चुलीवरचं भांडंसुद्धा तसंच सोडून.

त्या वर्षी वर सोमा आणि त्याची बायको आवडा होती. नजर आवडाची. तिच्यासारखं पाणी कोणालाच वाचता येत नसे, असं सांगतात. बावटा सोमाचा.

एका सकाळी चाच्यांची गलबतं खाडीच्या आडोशाला लागली. आवडाची नजर समोरच्या दर्यावर, आणि ते मेले टेंबाच्या पाठीमागून चढून आले. त्यांनी दोघांना धरलं. गावात शिरायची त्यांची छाती नव्हती, कारण घराघरात कोयते होते. त्यांना गाव रिकाम्या हातांनी पुळणीवर हवं होतं. सोमाला म्हणाले, बावटा हलव.

सोमा नाही म्हणाला. त्यांनी त्याचे दात पाडले, तरी नाहीच म्हणाला. मग त्यांनी आवडाचा डावा हात खडकावर दाबून धरला आणि करंगळी तोडली.

आवडा ओरडली, "हलवू नको! माका मरांदे, पण हलवू नको!"

दुसरं बोट तोडलं, तिसरं तोडलं. ती तेच ओरडत राहिली. चौथ्या बोटावर सुरी टेकली आणि सोमाने बावटा हलवला.

गाव धावत आलं. बाया, म्हातारे, पोरं, सगळी दोराला लागली. जाळं अर्ध्यावर आलं आणि चाचे तुटून पडले. दोर सोडायलाही कोणाला फुरसत मिळाली नाही. बापाच्या डोळ्यांसमोर मुलगे कापले गेले. तरण्या पोरींना केस धरून ओढत गलबतांवर नेलं. त्या दिवशी रापणीत मासळीच्या जागी आपलीच माणसं आली, असं म्हणतात. आवडाचा सख्खा भाऊ त्याच दोरावर मेला. तिने ते वरून पाहिलं.

चाच्यांना आता त्या दोघांशी काही घेणं नव्हतं. त्यांना तिथेच टाकून ते गेले. सोमाने बावटा फाडून तिचा हात बांधला.

उरलेलं गाव कोयते घेऊन टेंबाकडे निघालं. कशाला, ते विचारायला नको. पायथ्याशी रापणीचा म्होरक्या, म्हातारा तांडेल, आडवा आला. त्याचा एकुलता एक मुलगा दोन घटकांपूर्वी गेला होता. तो म्हणाला, "घोळक्यान मारलात तर कोणीच मारूक नाय असा होतला. एकेकट्यान वर जावा. जेका मारूचा आसात, तेणा मारून येवचा."

मग एकेक जण चढू लागला. वर सोमा आवडाचा बांधलेला हात मांडीवर घेऊन बसलेला. तो प्रत्येकाला म्हणायचा, मार. पण एकटा माणूस तिथे उभा राहिला की त्याला आपलीच बायको, आपलीच बहीण दिसायची, आणि हात उठायचा नाही. एकाने तर कोयता तिथेच टाकला आणि रडत उतरला. शेवटी तांडेल स्वतः गेला. तोही तसाच परत आला आणि म्हणाला, माफ केला.

लोक घरी वळणार, तेवढ्यात आवडा उतरताना दिसली. एकटीच होती. उजव्या हातात तो टाकलेला कोयता होता आणि कोपरापर्यंत रक्त.

ती म्हणाली, "तुमी सगळ्यांनी माफ केलात. माका कोणी इचारल्यान? मी नको म्हणान वराडत होतंय. माझ्या घोवान पण माझा ऐकल्यान नाय."

तिला शिक्षा कोण करणार? तांडेलाने तिच्या हातातला कोयता काढून घेतला आणि तो तिच्या पुढ्यात खाली बसला. ती पुढे म्हातारी होऊन मेली. कोणाशी वाईट वागली नाही, पण पुन्हा दर्याकडे बघितलं नाही, असं सांगतात.

तेव्हापासून टेंबावर दोघं कधी चढली नाहीत. आजही लोक इथे वर जाऊन हात जोडतात, स्वतःसाठी काही मागतात, पण दुसऱ्यासाठी मागत नाहीत. आई पोरासाठी मागत नाही, नवरा बायकोसाठी मागत नाही. माझी बायको शेवटच्या आजारात होती तेव्हा मी वर गेलो होतो. हात जोडले, तोंड उघडलं आणि तसाच खाली आलो. तिला काय हवंय ते मी विचारलं नव्हतं. घरी जाऊन विचारलं. ती म्हणाली, "आता माका जावंदे." मग मी पुन्हा चढलो नाही. तिच्या उशाशी बसून राहिलो.