आसरा माहेरी गेली

एकदा काय झालं, झऱ्यातली आसरा माहेरी निघाली. आसरा म्हणजे पाण्याची देवता, बरं का. ती गेली की तिचं पाणीही तिच्यामागे जाणार! झऱ्याकाठी सात घरांची वाडी होती. तिथे भिवरा कुंभारीण आणि तिची लेक चिंगी राहायच्या. आसरा भिवराला म्हणाली, "बाई, पुनवेला जाते, नऊ दिवसांनी येते. तोवरचं पाणी भरून ठेवा."

भरणार कशात? घरोघरी गळके माठ. भिवराकडे माती एक ढीग, लाकडं एका भट्टीपुरती आणि हात दोन. मग पाटलीणबाई आल्या, "मला नवी उतरंड हवी." मग गुरव आला, "देवळाला पणत्या हव्यात." मग चिंगीनं भोकाड पसरलं, "मला बोळकी!" भिवराचा जीव तुटला. पण ती म्हणाली, "बोळकी केली तर रांजणाला माती पुरायची नाही. मी रांजणच करणार." सगळे फुगून बसले. बसेनात का!

तिनं तीन रांजण केले. मेला एक भट्टीतच तडकला. मग उरलेले दोन काठोकाठ भरले, आणि आसरा गेली. झरा कोरडा ठणठणीत. भिवरा रोज माणशी दोन फुलपात्रं पाणी द्यायची. पाटलीणबाईंनाही दोनच हं!

नवव्या दिवशी तळाशी उरलं एकच फुलपात्र. चिंगीचे ओठ सुकले होते. भिवरा ते तिच्या तोंडाला लावणार, तोच आसरा आली, धुळीनं माखलेली. म्हणाली, "परतलेल्या बाईच्या पायांवर पाणी घालून मगच तिला घरात घेतात ना? कोरड्या पायांनी मी झऱ्यात कशी उतरू?"

"आई, मला!" चिंगी रडली.

"अगं, पोरीला पाज!" वाडी ओरडली.

भिवरानं मनात हिशेब केला. चिंगी प्यायली तर आत्ताची तहान भागेल, पण संध्याकाळी तिला काय देणार? तिनं चिंगीला कडेवर घेतलं, डोळे गच्च मिटले आणि सगळं पाणी आसरेच्या पायांवर ओतलं.

आसरा झऱ्यात उतरली. क्षणभर काहीच नाही. मग बुडबुड, बुडबुड, आणि धो धो पाणी! चिंगी उचकी लागेपर्यंत प्यायली. भिवरा तिथेच फतकल मारून बसली, हसली काय, रडली काय! "सुटले गं बाई!" म्हणाली. पाटलीणबाईंनी स्वतःच्या हातानं तिला पाणी पाजलं.

मग वाडी सुखानं नांदू लागली. भिवरा त्या दिवशी पोटभर झोपली. तुम्हीही झोपा आता, पाणी प्यायलात ना?