सावडीचा बैल

फार मागली गोष्ट आहे, आपल्या पणज्याच्याही आधीची. त्या सकाळी आभाळ धुऊन काढल्यासारखं निळं होतं. आठ दिवस कोसळणारा हस्ताचा पाऊस उघडला होता, कोवळं ऊन पडलं होतं, आणि काळ्या रानाला वाफसा आला होता. वाफसा म्हणजे पेरणीला जमिनीनं दिलेला होकार. ना चिखल, ना ढेकूळ. पण तो चार दिवसांचा पाहुणा.

एका गावात भिवबाकडं एकच बैल होता आणि शेजारच्या सटवाजीकडंही एकच. म्हणून दोघांची सावड होती. दोन्ही बैल एका जुवाखाली जुंपायचे. एका वर्षी आधी याचं रान पेरायचं, दुसऱ्या वर्षी त्याचं. यंदा पाळी सटवाजीची होती.

भिवबाच्या मनात पाप शिरलं. आधी पेरतो त्याचंच पीक साधतं, असं त्याला वाटलं. त्यानं धडधाकट बैलाच्या पायाला चिंधी बांधली आणि तोंड पाडून बसला.

सटवाजी पेरणीची पाभर घेऊन आला. "ऊठ की रं! का आज भाकरीच मिळाली न्हाई?"

"बैल लंगडतोय, सटवाजी. तुझं रान भारी, त्याला सोसायचं न्हाई. माझं हलकं हाय, आधी ते उरकू. तंवर पाय बरा हुईल."

सटवाजीनं बैलाच्या तोंडावरून हात फिरवला. "छ्या! लंगड्या मुक्या जीवाला जुंपून कुणाचं भलं झालंय? आधी तुझंबी नको, माझंबी नको. आधी ह्याचा पाय."

भिवबाच्या तोंडचं पाणी पळालं. खरं बोलावं तर लाज जाते, गप्प बसावं तर वाफसा जातो. त्यानं चिंधी तशीच राहू दिली.

सटवाजी रोज हळद-चुन्याचा गरम लेप आणायचा. तो पाय चोळायचा आणि बैल त्याचा हात चाटायचा. भिवबा दुसरीकडं बघायचा. पाय इतक्यात बरा झाला म्हटलं तर लबाडी उघडी पडेल, ही त्याला धास्ती. गावातले बाकीचे बैल आपापल्या रानात होते, मागणार कुणाला?

पाचव्या दिवशी भिवबानं चिंधी सोडली. पण तोवर उन्हानं जमीन आवळली होती. दोघांनी पेरलं खरं, बी काही उगवलं नाही. मुंग्यांनी ओढून नेलं. पाऊस पुन्हा फिरकला नाही. थंडीत साऱ्या शिवारात ज्वारी डोलत होती आणि मधे दोन रानं काळीच्या काळी पडली होती.

एका सकाळी सटवाजीनं दाराला कडी घातली, पोरंबाळं पुढं घातली, आपल्या बैलाचा कासरा धरला आणि जगायला परमुलखात निघाला. तेव्हा भिवबा त्याच्या पायाशी बसला आणि रडत सारं सांगून मोकळा झाला.

सटवाजी रागावला नाही. लेप चोळलेल्या आपल्या हातांकडं त्यानं पाहिलं.

मग म्हणाला, "बैल लंगडा असता तर लेप लागू पडला असता, भिवबा. लंगडा तुझा शब्द हुता. आन् शब्द लंगडला, की दोघांचंबी रान पडीक ऱ्हातं."