आवडूकाकींच्या घरी पीठ परत आले

भाविकहो, श्री निवांत महाराज तेव्हा कोकणातल्या कातळगावी, रवळनाथाच्या देवळात मुक्कामाला होते. पौषातली थंडी, त्यात महाराजांचा अकरा दिवसांचा उपवास. पारण्याला आपल्याच घरी यावे म्हणून आख्खा गाव धावला. होकार मिळाला तो एकट्या राहणाऱ्या आवडूकाकींना. "काकी, तुमच्या आंबोळीला जाळी छान पडते," एवढेच कारण महाराजांनी दिले.

ती जाळी जुन्या पिठाची करामत. काकी दर वेळी वाटीभर आंबलेले पीठ मडक्यात राखत आणि पुढच्या पिठात मिसळत. सासूबाईंनी दिलेले ते पीठ त्यांनी बत्तीस वर्षे जपले होते. नवरा गेला, म्हैस गेली. पीठ मात्र होते.

महाराजांचे पारणे काकींकडे, हे गावच्या दादोबा खोतांना सोसवेना. पारण्याच्या आदल्या सकाळी काकींच्या अंगणात येऊन ते गरजले, "संताच्या पोटात शिळं घालतेस? बत्तीस वर्षं! अगं, अक्कलदाढ आली असेल त्या पिठाला!"

जमलेले लोक फिदीफिदी हसले. आपल्या हातून पाप होते आहे की काय, या भीतीने काकींनी मडके रिकामे केले, राखेने घासले, वर उकळते पाणी ओतले. मडके लख्ख झाले आणि मग काकींच्या लक्षात आले. एवढ्या थंडीत जुन्या पिठावाचून नवे आंबणार कसे? शेजारणींकडे धावल्या, तर खोतांच्या धाकाने त्यांनीही आपापले पीठ टाकून दिलेले!

काकी रडत देवळात गेल्या. "महाराज, तुमचं पारणं मी बुडवलं हो. उद्या खोतांकडेच जा."

महाराज म्हणाले, "ते पीठ कुणाकुणाला दिलं होतंत?"

"मागेल त्याला दिलं."

"मग येईल. नवं पीठ वाटून मडक्यात ठेवा. आणि सकाळी दार उघडं ठेवा."

"दार कशाला, महाराज?"

"अहो, या वयात ते खिडकीतून चढणार का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी खोतांच्या स्वयंपाकघरात, तांदळाच्या कणगीमागे, एका पातेल्याचे झाकण उडाले. आतले आंबलेले पीठ बाहेर आले, ओटी उतरले, अंगण ओलांडून वाटेला लागले. समोरून बैलगाडी आली तेव्हा ते कडेला थांबले. गाडी गेल्यावर पुन्हा निघाले.

"थांब! कुठे निघालंस?" खोत हात पसरून आडवे उभे राहिले. पीठ त्यांच्या पायांवरून शांतपणे पुढे गेले. खोत बायकोवर ओरडले, "हे आपल्या घरात आलं कुठून?"

सगुणाबाई पदर सावरत म्हणाल्या, "आवडूकाकींकडून आणलं होतं. सहा वर्षं झाली. रोज सकाळी सात-सात खाता ना, त्या आंबोळ्या त्याच्याच."

खोत पिठामागून चालू लागले, त्यांच्यामागे सगळा गाव. पीठ काकींच्या उंबऱ्यावर क्षणभर थबकले, आत गेले आणि मडक्यात शिरले. रात्रभर ढिम्म बसलेले नवे पीठ तिथल्या तिथे टम्म फुगले! काय ती महाराजांची लीला!

काकींनी पहिली आंबोळी घातली. जाळी अशी पडली, की पलीकडची चूल दिसावी. महाराजांनी नऊ आंबोळ्यांचे पारणे केले.

दादोबा खोत पिठाने माखलेल्या पायांनी पुढे आले आणि महाराजांसमोर आडवे झाले. महाराजांनी पाय मागे घेतले. "माझ्यापुढे कशाला? मी नुसता खाणारा. तिकडे वळा."

खोत वळले. चुलीपुढच्या त्या म्हाताऱ्या बाईच्या पायांवर त्यांनी कपाळ टेकले. "काकी, चुकलो. हसलो तुम्हाला."

काकी तव्याकडे पाहत म्हणाल्या, "उठा हो खोत, उठा! तव्यावरची करपेल!"

ती करपली नाही. खोतांच्या पानात पडली.