मयत फंडावरची सही

"मग या एकाच कागदावर तुमचा हात का आखडतोय, पाळकसाहेब?"

विचारणारा एलिया त्रिभुवन. चर्चचा नवा खजिनदार, पुण्यात लोकांना गुंतवणुकीचे सल्ले देणारा. लहानपणी पाळक शिलास भांबळ यांच्यापुढेच मांडी घालून धर्मशिक्षण घेतलेलं. आज मात्र त्यांनाच चार गोष्टी शिकवायच्या तयारीनं आला होता.

इमारत फंड पाच वर्षांसाठी गुंतवायला पाळकांनी बिनबोभाट सही दिली होती. घोडं अडलं होतं मयत फंडापाशी.

दर घरामागे महिन्याला पन्नास रुपये. कुणी गेलं की त्याच दिवशी त्यातून शवपेटी, कबर खणणाऱ्यांची मजुरी आणि मागे राहिलेल्यांना महिन्याचा किराणा. गावात दुसरं कोण देणार?

"सहा लाख नुसते पडून आहेत," एलिया म्हणाला. "पाच वर्षं हात लावायचा नाही, एवढीच अट. नऊ होतील."

"बरं."

"बरं म्हणजे? करताय सही?"

पाळकांनी कपाटातून मंडळीची, म्हणजे चर्चच्या घरोघरच्या सभासदांची, नोंदवही काढली. वर पेन्सिल ठेवून त्याच्यापुढे सरकवली.

"पाच वर्षांत जे मरणार नाहीत, त्यांच्या नावापुढे खूण कर. तेवढ्यांचे पैसे गुंतवू."

एलिया हसला. हुशारच तो, पेन्सिल उचललीसुद्धा.

म्हातारी नावं त्यानं झपाझप ओलांडली. सालोमीबाई, दमेकरी याकोबराव... मग तरुणांची नावं आली. वसंत मकासरे, वय एकतीस. पेन्सिल कागदाला टेकली...

वसंत रोज पहाटे दुधाचे कॅन घेऊन मोटरसायकलवरून घाट उतरायचा. पेन्सिल वर आली.

पुढचं पान. त्याच्या पुढचं...

शेवटी एलियानं वही मिटली. आत एकही खूण नव्हती, पण माघार घेणाऱ्यांतला तो नव्हता. त्याला राग आला होता आणि तो त्यानं लपवलाही नाही.

"म्हणजे हा पैसा कधी वाढवायचाच नाही? असंच भीत भीत बसायचं?"

"वाढव की."

पाळकांनी वही उघडली, त्रिभुवनांचं पान काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे तुझं नाव. खूण कर, तुझा वाटा आत्ता देतो."