कळ्यांची कमान

ही कमान अशीच असते. नाही, काम अर्धवट राहिलेलं नाही आणि फुलांची टोपलीही कुठे अडकलेली नाही. निगडोळीत लग्नाला येणारा प्रत्येक नवा पाहुणा या कमानीखाली थबकतो, मान वर करतो आणि हेच विचारतो, की फुलं कधी लावणार? तुम्ही तर शहरात लग्नांची, बारशांची, साठीशांतीची फुलांची सजावट करणारी माणसं. तुम्हाला ही हिरवी कमान जास्तच खटकली असणार. जांभळीचे डहाळे, आंब्याची पानं आणि त्यांत मोगऱ्याच्या मिटलेल्या कळ्या. एक फूल म्हणून नाही!

बसा या घोंगडीवर. गोरज मुहूर्ताला अजून बराच अवकाश आहे आणि मला तोवर काम नाही. मी हौसा फुलारी. गावात मला हौसाक्का म्हणतात. ही कमान मीच बांधली आहे, तेव्हा नावं ठेवायची तर तोंडावर ठेवा. पण आधी ती अशी का बांधतात ते ऐका. माझ्या सासूनं मला सांगितलं, तिला तिच्या सासूनं. कितव्या पिढीची गोष्ट ते कुणाला ठाऊक नाही.

असं सांगतात, की फार पूर्वी या गावात रायाजी नावाचा फुलारी होता. त्याच्या हातात जादू होती म्हणे. देवीची पूजा बांधावी तर त्यानं, नवरीची वेणी गुंफावी तर त्यानं. आजूबाजूच्या बारा गावांत लग्न ठरलं की आधी रायाजीला सुपारी जायची, मग वाजंत्र्यांना. माणूस कष्टाळू, निर्व्यसनी, पण त्याला एक खोड होती. त्याला वाहवा फार आवडायची. लग्नाच्या दिवशी सकाळी गावातल्या बाया हळदीला येतात, तेव्हा मांडव बघायची रीत आहे. त्या वेळी रायाजी उगाचच एखादी गाठ सारखी करत कमानीपाशी घोटाळायचा. बाया तोंडात बोट घालायच्या आणि याचं पोट भरायचं.

गावच्या हिरोजी पाटलाची थोरली लेक चिमा. तिचं लग्न वैशाखात ठरलं. पाटलाच्या घरचं कार्य म्हणून रायाजीनं पहाटेच तळ्यातली कमळं काढली, सोनचाफ्याची झाडं ओरबाडली आणि सूर्य वर येईपर्यंत अशी कमान उभी केली, की बघायला शेजारच्या गावची माणसं लोटली. सगळी फुलं पूर्ण उमललेली. एकही कळी नाही. कळी कशाला लावायची? कळीला कोण वाहवा म्हणतं?

लग्न होतं गोरज मुहूर्तावर. वऱ्हाड यायचं होतं घाटावरून, आणि घाटात त्यांच्या एका गाडीचा आस मोडला. वैशाखाचं ऊन तुम्हाला सांगायला नको. दुपारपर्यंत चाफा तपकिरी पडला, कमळांच्या पाकळ्या गळून खाली पायदळी त्यांचा लगदा झाला. उन्हं कलताना वऱ्हाड वेशीत आलं, तेव्हा कमानीवर नुसती काळवंडलेली मढी लोंबत होती. त्या काळी लोक असं मानत, की मांडवातल्या फुलानं मान टाकली तर ती मुलगी अवलक्षणी. तिचा पायगुण वाईट. वरपक्षातली मोठी माणसं कमानीखालीच थांबली, आपसात कुजबुजली आणि तिथूनच माघारी फिरली.

चिमा हळदीच्या अंगानं मांडवात येऊन बसली होती. तशीच बसून राहिली.

रायाजी मांडवाच्या कडेला उभा होता. त्याला पक्कं ठाऊक होतं, की पहाटेचं उमललेलं फूल संध्याकाळ बघत नाही. हे फुलाऱ्याच्या घरच्या शेंबड्या पोरालाही कळतं. त्यानं फुलं बांधली होती सकाळी बघायला येणाऱ्यांसाठी, मुहूर्तासाठी नाही. हे त्या घडीला बोलला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही बोलला. माणूस आहे. नाव जाईल म्हणून भ्याला.

पुढे चिमेनं डोक्यात फूल माळणं सोडलं. कुणाच्या हळदीला जाईना, कुणी बोलवीही ना. रोज सकाळी देवीच्या टाक्यावर पाण्याला जाताना तिची वाट रायाजीच्या दारावरून जायची. असं सांगतात, की एक दिवस ती कळशी कडेवर घेऊन त्याच्या अंगणात थांबली आणि तिनं विचारलं, "रायाकाका, खरं सांगाल? मी मांडवात पाऊल टाकलं आणि मग फुलं सुकली, का आधीच सुकली हुती? मला आटवतच न्हाई बगा."

तिनं टोमणा मारला नव्हता हो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिच्या अंगात खरंच काही वाईट आहे का, एवढंच पोरीला समजून घ्यायचं होतं. रायाजी खाली मान घालून दोरा वळत राहिला. ती कळशी सावरून पाण्याला गेली.

त्या दिवशी त्यानं सुई टोपलीत टाकली. उत्तर देता येईपर्यंत फूल बांधणार नाही, असा देवीपुढे नेम केला म्हणतात. देवीच्या दर्शनाला वर चढलात ना, तिथे टाक्याच्या कडेला जाईचा जुना वेल आणि मोगऱ्याचं बन दिसलं असेल. तिथे तो जाऊन कळ्या बघत बसायचा. कोणती कळी आज उमलेल, कोणती उद्या, कोणती कधीच नाही. तोडल्यावर ओल्या फडक्यात ठेवली तर किती वेळ धरेल, उन्हात ठेवली तर किती. टपोरी पांढरी कळी सकाळी तोडली की दिवे लागायच्या सुमाराला फुलते, आणि हिरवट कळी हटून बसते ती बसतेच. आज आम्ही हे बोटानं चाचपून सांगतो, पण तेव्हा कुणी एवढा विचार केला नव्हता. लोक म्हणायचे, रायाजीला वेड लागलं. तीन वर्षं अशी गेली. काहीजण सांगतात, की शेवटी देवीनं त्याला दृष्टान्त देऊन कळीचं गुपित सांगितलं. असेलही. मला विचाराल तर जो माणूस तीन वर्षं एका वेलीसमोर बसतो, त्याच्याकडे देवीला वेगळं यावं लागत नाही.

आणि मग चिमेचं लग्न पुन्हा ठरलं. नदीपलीकडच्या गावातलं स्थळ. आधीचा प्रकार त्यांच्या कानावर होता, तरी मुलगा तयार होता. पण त्या घरात शब्द चालायचा त्याच्या आजीचा, आवडाबाईंचा. म्हातारीला मोतीबिंदूनं काही दिसत नव्हतं, पण घर तिच्या मुठीत. तिनं निरोप धाडला, की मुलगी करून घेऊ, मात्र या वेळी मांडवात फुलाला उणं असलं तर आम्हीही वेशीवरूनच फिरू. म्हणजे या खेपेला वऱ्हाड परत गेलं असतं, तर चिमेला पुन्हा कुणी विचारलं नसतं. सगळं त्या कमानीवर येऊन ठेपलं.

रायाजी आपण होऊन पाटलाच्या दारात गेला आणि म्हणाला, फुलं मीच बांधणार. पाटलाचाही दुसरा इलाज नव्हता.

सकाळी बाया हळदीला आल्या आणि कमान बघून त्यांचे चेहरेच उतरले. तुमचे उतरले होते तसेच. हिरवा पाला आणि मिटलेल्या कळ्या! कुणी म्हणालं, मांडव आहे का कुंपण? रायाजी ऐकून घेत होता. या वेळी तो कमानीपाशी घोटाळत नव्हता. घागरीतलं पाणी ओंजळीनं घेऊन पाल्यावर शिंपडत होता, तेवढंच.

नशिबाची गंमत बघा. मागचं वऱ्हाड उशिरा आलं होतं, हे दोन तास आधी येऊन उभं राहिलं! ऊन अजून भिंतींवर होतं आणि कळ्या घट्ट मिटलेल्या. वरपक्षातल्या बायकांनी वर पाहिलं आणि आजीच्या कानाशी लागल्या, "आत्याबाई, मांडवात एक फूल न्हाई. नुसता पाला टांगलाय." म्हातारी कमानीच्या खांबाला हात लावून थांबली. म्हणाली, "मग फिरवा गाड्या."

पाटलानं डोक्याचं पागोटं काढून हातात घेतलं. आत चिमेच्या कानावर ते शब्द गेले असणार, कारण ती उंबऱ्यापर्यंत आली होती म्हणे, मुंडावळ्या बांधलेली.

तेव्हा रायाजी गर्दीतून पुढे आला. बाहेर म्हातारीपुढे जाऊन उभा राहिला, पण बोलला तो उंबऱ्याकडे बघून. "चिमे, तू मला इचारलं हुतंस. तू पाऊल टाकायच्या आदीच फुलं सुकली हुती. दुपारीच सुकली हुती. म्या पहाटंची फुलं बांधली, लोकांनी वाहवा म्हनावं म्हून. दोस माझ्या हाताचा हुता, पोरी. तुझा न्हवता."

मांडवात सगळ्यांना ऐकू गेलं होतं.

आवडाबाईंनी विचारलं, "आन् तीन वर्सं गप का ऱ्हायलास?"

"भ्यालो," रायाजी म्हणाला. "आज कळ्या बांधल्यात. मुहूर्ताला उमलतील. न्हाई उमलल्या तर त्यो बी दोस माजाच. तिला इचारू नगा, मला इचारा."

म्हातारी खांबाला टेकून खाली बसली. गाड्या जुंपायला गेलेली माणसंही थांबली. उन्हं उतरत गेली. मग ती नाक वर करून हसली आणि सुनांवर खेकसली, "कोन म्हंतं गं फुलं न्हाईत? डोळं तुमाला हायती का मला? मगापासनं मोगऱ्याचा वास येतोय!"

सगळ्यांनी वर बघितलं. एवढ्यात कुठे पहिल्या दोन-चार कळ्या सैलावल्या होत्या. दिसण्याआधी वास आला होता, आणि डोळ्यांनी बघणाऱ्यांना तो कळलाच नव्हता. अंतरपाट धरेपर्यंत निम्मी कमान फुलली, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत सगळी पांढरीशुभ्र झाली, असं सांगतात. सगळी झाली असेल असं मला वाटत नाही. दहात एक कळी तरी हटवादी निघतेच.

जाताना आवडाबाईंनी रायाजीला जवळ बोलावलं. त्याला वाटलं, आता शाबासकी मिळणार. म्हातारी म्हणाली, "तीन वर्साचं गप ऱ्हानं येकदा बोलून फिटत न्हाई, बाबा. या गावात जवा जवा मांडव पडंल, तवा तवा ह्ये सगळ्यांसमोर बोलायचं. तू बोल, आन् तुज्या मागं जो कोन फुलं बांदंल त्यो बोलंल."

म्हणून आजही निगडोळीत कमान कळ्यांचीच बांधतात. आणि आजही अंतरपाट धरायच्या आधी फुलं बांधणारा माणूस कमानीखाली उभा राहून म्हणतो, कळी उमलली नाही तर दोष माझ्या हाताचा, लेकीचा नाही. दोन्हीकडची माणसं एकदम म्हणतात, मान्य. ते मान्य झाल्याखेरीज भटजी तोंड उघडत नाहीत.

आता तुमच्या मनात काय आलंय ते मला कळतं. कळ्या उमलल्याच नाहीत असं कधी झालं का? अहो, झालं तर! चाळीस वर्षं बांधते आहे. माझ्याच हातून दोनदा झालं. एकदा मी हिरव्या कळ्या टपोऱ्या समजून तोडल्या आणि एकदा आभाळ भरून गारठा आला. दोन्ही वेळा मुहूर्ताला कमान पाल्याची ती पाल्याचीच. मला दोन्ही घरच्या बायांनी जेवणावळी उठेपर्यंत बोलून घेतलं. एकीनं तर वाढताना माझ्या पानात मुद्दाम जिलबी टाकली नाही. मुलींना मात्र कुणी अवाक्षर बोललं नाही. दोघी नांदत्या झाल्या.

त्यांतली एक ती बघा, हिरव्या शालूतली, पंगतीकडे धावपळ करते आहे ती. आज जिचं लग्न आहे तिची आई. सकाळी मला म्हणाली, "हौसाक्का, माझ्या वक्ताला एक बी कळी उमलली न्हवती, आटवतंय न्हवं? आवंदा नीट बगून बांदा." आणि स्वतःच खो खो हसत सुटली.

तिचं हसू बघितलंत ना? मला त्या हसण्यातच चिमा दिसते.

गुरं परतायला लागली. धरा जरा हात माझा, गुडघे ऐकत नाहीत. मला आता त्या कमानीखाली उभं राहून बोलायचं आहे. आणि तुम्ही वर काय बघताय? डोळे मिटा, म्हणजे कळेल.