वज्रबाहू राजा आणि रुपेरी मासोळी

एका राज्यात, सात डोंगरांच्या पलीकडे, वज्रबाहू नावाचा राजा होता. मासे पकडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. गळाला पिसांची खोटी माशी बांधून तो ती पाण्यावर अशी नाचवी, की शहाणे मासेही फसत. आपण रिकाम्या हातांनी कधी परतलो नाही, हे तो दिवसातून तीनदा तरी ऐकवी.

एके वर्षी अंडी घालायला धबधबा चढणारी, गाभोळीने भरलेली मासोळी त्याने पकडली. तोच नदीची जादूगारीण तरंगिणी पाण्यातून वर आली.

"राजा, माझ्या लेकींची वाट अडवलीस. आता तुझ्या लेकीचा आवाज माझ्या लेकीच्या पोटात राहील."

त्याच क्षणी राजकन्या मृणालवती मुकी झाली. तीन वर्षे राजाला घास गोड लागला नाही.

मग एके पहाटे खंड्या पक्षी गवाक्षात येऊन बोलला, "आवाज गिळलेली रुपेरी मासोळी आज धबधब्याशी येईल. सूर्य मावळायच्या आत आवाज तिच्या पोटातून सुटला तर सुटला. नाही तर कायमचा गेला."

कसा सुटेल, हे राजाने विचारलेच नाही. मासा म्हणजे पकडायचा, एवढेच त्याला ठाऊक! त्याने खंड्याकडे तीन निळी पिसे मागितली आणि नदी गाठली.

सकाळी पहिल्या पिसाची माशी पाण्यावर नाचली. मासोळी वर आली. तिच्या खवल्यांच्या उजेडाने काठावरची झाडे रुपेरी झाली. तिने माशीकडे पाहिले आणि ती खाली गेली. दुपारी दुसरे पीस तिने शेपटीने उडवून लावले. तिसरे पीस वाहून गेले, तरी गळ रिकामाच राहिला.

इतक्यात धबधबा जिवंत झाला. हजारो मासोळ्या कोसळत्या पाण्यातून वर उड्या घेऊ लागल्या. राजाने आजवर मासे गळालाच पाहिले होते. तो आ वासून बघत राहिला.

रुपेरी मासोळी उडाली, खडकावर आपटली. पुन्हा उडाली, पुन्हा आपटली. तिसऱ्यांदा ती राजाच्या पायाशी, घोटाभर पाण्यात येऊन पडली. तिच्या भरल्या पोटातून मृणालवतीचे गुणगुणणे ऐकू येत होते.

सूर्य डोंगराला टेकला होता. राजाने कमरेची सुरी उपसली. पण मासोळीची धाप बघून तो थांबला.

"आईच्या पोटावर सुरी चालवून आणलेला आवाज लेकीला कोणत्या तोंडाने देऊ?"

त्याने सुरी फेकली, मासोळीला दोन्ही हातांत उचलले, निसरडे खडक चढून तो धबधब्याच्या माथ्यावर गेला आणि शांत पाण्यात तिला सोडले. मग तो तिथेच बसून रडला. लेकीचा आवाज आपल्या हाताने घालवला, असेच त्याला वाटले.

दिवस मावळल्यावर तो महाद्वाराशी आला. मृणालवती पायऱ्यांवर उभी होती. राजाने मान खाली घातली.

"बाबा," ती म्हणाली, "आज काहीच नाही मिळालं?"

शेवटचे ऊन असतानाच मासोळीने वरच्या वाळूत अंडी घातली होती, आणि अंड्यांबरोबर आवाजही सुटला होता. शाप फिटला. पुढे त्या राज्यात मासे चढणीला लागले, की गळ आणि जाळी गुंडाळून ठेवत.

पण त्या संध्याकाळी राजाला यातले काहीच माहीत नव्हते. त्याने लेकीला पोटाशी धरले.

"नाही गं पोरी," तो म्हणाला, "एकही नाही. पुन्हा विचार."