सगुणाआत्याचा घाणा

ऐका रे, आणि त्या शेंगा फोडणं जरा थांबवा. फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आपल्या सावळदऱ्यात तेव्हा वीज नव्हती, पिठाची गिरणी नव्हती, आणि फायनल पास झालेलं माणूस तर औषधालाही नव्हतं. फायनल म्हणजे सातवीची सरकारी परीक्षा. साऱ्या इलाख्याला एकच पेपर, आणि तो द्यायला तालुक्याला जावं लागे. पास झालं की मास्तर होता येई. आपली पोरं जायची आणि हात हलवत परत यायची.

त्या काळी गावात सगुणाआत्या होती. तेल्याची लेक, मास्तराची बायको. नवरा वारला तशी माहेरी आली आणि बापाचा तेलघाणा चालवायला लागली. गावची लेक, म्हणून सगळ्या पोरांची आत्या. नवरा शिकवायचा ते ऐकून ऐकून तिला सगळं पाठ झालं होतं. पोरांची दरवर्षीची फजिती तिला बघवेना. म्हणाली, माझ्याकडे द्या, मी तयारी करून घेते.

आता घाणा सोडून शिकवत बसली तर तेल कोण काढणार? म्हणून तिनं आपली वेगळीच तऱ्हा काढली. घाण्याचा बैल गोल फिरायचा आणि त्याच्या मागनं पोरं फिरायची. ती घाण्यात तीळ सारत विचारायची, आणि पोरं पावलांच्या ठेक्यावर एका सुरात उत्तर द्यायची. पाढे, नद्या, व्याज, कविता, सगळं चालता चालता. बैलाचं नाव बाशिंग्या. त्याच्या डोळ्यांवर झापडं, पण कान असे तिखट, की उत्तर चुकलं की तो जागच्या जागी थांबायचा, असं म्हणतात. त्या घाण्याचं तेल डोक्याला चोळलं की विसरलेलं आठवायचं, असंही म्हणतात. हसू नका. तुमच्यातल्या किती जणांना सतराचा पाढा येतो, ते मला ठाऊक आहे.

सगळ्यांत हुशार होती हिरामण माळ्याची अंजिरा. ती असली की बाशिंग्या कधी थांबायचाच नाही. तिला मास्तरीण व्हायचं होतं. पण हिरामणनं ती एका स्थळाला देऊ केली होती. आत्यानं रदबदली केली, तेव्हा तो कसाबसा कबूल झाला. पोरगी पास झाली तर शिकेल, नाहीतर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लग्न. दिलेला शब्द मोडायचा माणूस नव्हता तो. तेच तर वाईट झालं.

परीक्षेला हिरामणनंच गाडी जुंपली. आत्यानं पोरांच्या डोक्याला तेल लावलं, हातावर दही घातलं. गाव बिनघोर होतं. पाणवठ्यावरच्या बायकांनासुद्धा नद्या पाठ झाल्या होत्या, मग पोरांना काय धाड भरली होती?

पेपर आला तो सगळा घाण्यावर घोकलेला. पण तिथं होती बाकं, आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. पोरांनी टाक हातात घेतले आणि पोरं नुसती बसून राहिली. उत्तर पावलांत होतं, आणि पावलं बाकाखाली अडकलेली. एकाची टाच आपटायला लागली, दुसरा पुटपुटायला लागला, तसे साहेब ओरडले. शेवटी अंजिरा उभी राहिली, हात जोडले.

"साहेब, मला एक चक्कर मारू द्या. आठवेल मला."

साहेबांना वाटलं, पोरगी चेष्टा करते. सगळा वर्ग हसला. ती खाली बसली, आणि तिचा कागद शेवटपर्यंत कोराच राहिला.

संध्याकाळी गाडी परत निघाली. बैलांनी पावलं टाकली, चाकं फिरली, आणि पोरांच्या तोंडून उत्तरं यायला लागली. एकापुढं एक, सगळी बरोबर. पोरं रडत होती आणि उत्तरं म्हणतच होती, त्यांना थांबताच येईना. आत्या शिवेवर वाट बघत उभी होती. लांबून तो सूर ऐकून तिला वाटलं, पोरं जिंकून आली. ती हसत पुढं धावली. मग तिनं अंजिराचं तोंड पाहिलं.

"आत्या, मला सगळं येत होतं."

"येत होतं गं माय. तुम्हाला बसायला मीच नाही शिकवलं."

आखाजीला अंजिराचं लग्न लागलं. पुढं ती माहेरी यायची, पण घाण्याच्या वाटेनं कधी गेली नाही.

आत्यानं बाशिंग्याला सोडलं ते कायमचं. पोरांना एकेकट्याला, लांब लांब, मुकाट्यानं बसून लिहायला शिकवलं. पुढच्या परीक्षेच्या दिवशी, तिकडे पेपर सुरू व्हायच्या वेळेला, ती उठली आणि बंद घाण्याभोवती एकटीच चालायला लागली. पोरांच्या वाटची पावलं मी टाकते, म्हणाली, त्यांना तिकडे स्वस्थ बसू दे. बाशिंग्या आपणहून तिच्या मागं आला. आणि त्याच्या मागं हिरामण. डोळे पुसत म्हणाला, "मला एक वर्ष थांबायला काय झालं होतं, सगुणाबाई?" आत्या चालत राहिली. तालुक्याला पोरांची पावलं बाकाखाली शांत राहिली, असं म्हणतात. त्या साली गावातली पोरं पहिल्यांदा पास झाली.

घाण्याचं लाकूड कधीच कुजलं, नुसती दगडी कुंडी उरली आहे. पण अजूनही पोरांची सरकारी परीक्षा असली की गाव तिथं जमतं, आणि पेपर सुटेपर्यंत मोठी माणसं सगुणाआत्याचं नाव घेऊन कुंडीभोवती मुकाट चालतात. तुम्ही पेपर द्याल तेव्हा मीही असेन. फक्त सुरुवातीला सगळे जरा बाजूला सरून उभे राहतात. एक चक्कर होईल इतका वेळ कोणी पाऊल टाकत नाही. अंजिराला तिची चक्कर मारू देतात.